टॅन्टी इग्नेशियाचा शेवटचा शुक्रवार

टॅन्टी इग्नेशिया, सगळ्या गावाची इग्नेशिया मावशी, अकरा वर्षं आमच्या कारियाकू बेटाच्या राखीव समुद्राची रखवालदार होती आणि मी तिच्या बोटीचं इंजिन सांभाळायचो. म्हणजे ओरडायचं काम तिचं, ऐकून घ्यायचं माझं. सख्ख्या भावाचं जाळं तिने एकदा जप्त केलं आणि त्याच दुपारी त्याच्याच घरी जेवायला गेली.

तिला जुमानलं नाही ते एकट्या डेल्वॉनने. तो समोरच्या युनियन बेटाचा. युनियन म्हणजे दुसरा देश, पण त्यांच्याकडे लग्न निघालं की आमच्याकडे कपडे शिवायला पडतात. डेल्वॉन आमच्या खडकावरून खायचे शंख उचलायचा आणि आम्ही मागे लागलो की सुसाट सीमेपलीकडे पळायचा. तिथे इंजिन बंद करून पाव खात बसायचा आणि हात हलवायचा.

"टॅन्टी, दमलीस का गं? घोटभर पाणी देऊ?"

सीमा ओलांडली तर आम्हीच गुन्हेगार. टॅन्टी दातओठ खात मागे फिरायची आणि घर येईपर्यंत शिव्या मला घालायची.

त्या शुक्रवारी ती निवृत्त होणार होती. "ऑगस्टिन, त्या कार्ट्याला न पकडता घरी बसले, तर मेल्यावरही माझा जीव शांत व्हायचा नाही," ती मला म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला फार वाईट वाटलं.

तसा यंदा दोन्ही देशांनी एकत्र राखण करायचा करार केला होता. आम्ही पाठलाग करायचा आणि युनियनच्या रखवालदाराने, कटबर्टने, पलीकडे दबा धरायचा. दोनदा धरला. दोन्ही वेळा डेल्वॉन फिरकलाच नाही. कारण कटबर्टने बायकोला सांगितलं, बायकोने बहिणीला, आणि बहिणीचा नवरा डेल्वॉनचा मामेभाऊ. आमच्या बेटांवर गुपित म्हणून काही टिकत नाही, हे करार करणाऱ्या साहेबांना कोण सांगणार?

गुरुवारी टॅन्टी थेट युनियनला गेली, डेल्वॉनच्या आईकडे, मिस अडीनाकडे. आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मानाने मिसच म्हणतात. या मिस अडीनाने महिन्यापूर्वीच नवऱ्याच्या थडग्यावर शिळा बसवून गावजेवण घातलं होतं. आमच्यात त्या दिवशी आधी मेलेल्याचं ताट मांडतात, मग जिवंतांची पंगत बसते.

"अडीना, वेल्डनच्या ताटात शंख वाढले होतेस ना? आणले कुठून?"

"डेल्वॉनने आणले की बाजारातून. का गं?"

"बाजारातून कसले! माझ्या खडकावरून उचलले त्याने."

अडीनाच्या हातातली पळी तशीच राहिली. हा खडक राखीव व्हावा म्हणून दोन्ही बेटांनी मिळून केलेल्या अर्जावर पहिला अंगठा उठवला होता तो याच वेल्डनने.

"म्हणजे मी नवऱ्याला चोरीचं जेवायला घातलं?" ती म्हणाली. "आणि तो पडला मेलेला. त्याला ताट सारताही येईना!" मग डोळे पुसून म्हणाली, "उद्या कटबर्टच्या बोटीत मला जागा हवी. पण त्याच्या बायकोला कळता कामा नये."

म्हणून खुद्द कटबर्टलाही ते थेट शुक्रवारी सकाळी धक्क्यावरच कळलं.

डेल्वॉन आला. टॅन्टीला निरोप द्यायलाच आला होता मेला! शंख काढले, आम्ही मागे लागलो, तो सीमेपार गेला. इंजिन बंद केलं, पाव काढला, हात वर केला. तेवढ्यात तिकडच्या एका खडकाआडून कटबर्टची बोट पुढे आली. पुढच्या फळीवर चर्चला जायची टोपी घालून मिस अडीना बसली होती.

"डेल्वॉन! बाबाच्या ताटात काय वाढायला लावलंस रे मला?"

पाव पाण्यात पडला. डेल्वॉनने इंजिन चालू केलं आणि सीमा ओलांडून सरळ आमच्याकडे आला.

"टॅन्टी, मला पकडा! तुमच्या हद्दीत आलोय मी. बेड्या घाला, तुरुंगात टाका, पण आईजवळ देऊ नका. पाया पडतो तुमच्या!"

टॅन्टीने त्याचं नाव शांतपणे वहीत लिहिलं. मग सगळे शंख एकेक करून बुड्या मारून जागच्या जागी ठेवायला लावले. शेवटी कराराचा कागद काढला. आरोपीला त्याच्याच देशाच्या ताब्यात द्यायचं, असं त्यात लिहिलं होतं.

"करार म्हणजे करार, पोरा," ती म्हणाली आणि त्याला कटबर्टच्या बोटीत चढवलं. अडीनाने एका हाताने टोपी सावरली आणि दुसऱ्याने त्याचा कान धरला.

बोट लांब जाऊ लागली तशी टॅन्टी उभी राहिली आणि तिने हात हलवला.

"डेल्वॉन, दमलास का रे? घोटभर पाणी देऊ?"

परतताना तिने मला एकही शिवी दिली नाही. मला काही चैन पडेना.