दिगूकाकांच्या तीन बोंबा

"अरे बापू, धाव! विहिरीत तुझा रेडा पडलाय! काजूत वणवा शिरलाय! नि तुझ्या कलमांवर पन्नास वानरं बसल्येत रे मेल्या!"

ही आमच्या दिगूकाकांची बोंब, नि बापू म्हणजे माझे बाबा. बाबांचे हे चुलतभाऊ आंजर्ल्यात ओरडले की बुरोंडीच्या समुद्रातले बांगडे घाबरून आपणहून जाळ्यात शिरत. मी स्वतः खाल्लेत तसले. चवीला जरा दचकलेले लागतात. काका गेल्यापासून आमच्या वाडीत समुद्र ऐकू येतो.

हवाई दलात त्यांनी उभी नोकरी एका जेट विमानाची यंत्रं सांभाळण्यात काढली. "त्याच्या पोटाखाली बॉम्ब नाहीत, पेटारे," ते सांगत. "ते शत्रूच्या रडारात नुसता गोंगाट घालतं. विमान एक, पडद्यावर दिसतात पन्नास! तो बसतो डोकं खाजवत, नि आपली बाकीची विमानं काम उरकून घरी. मारायचं नाही गो. बघू द्यायचं नाही." हे ते भटजींना सांगत, मासळीवालीला सांगत, धार काढताना म्हशीलाही सांगत. ती कंटाळून आटली.

मला मात्र ऐकून ऐकून विमानदुरुस्तीच शिकायची होती. मुंबईला मुलाखत, गाडी खेडहून. त्या दिवशी पोचले नाही तर जागा गेली. आणि बाबांनी अख्ख्या भावकीसमोर "नाही" म्हटलेलं. बाबांचा शब्द म्हणजे जांभ्याचा चिरा. एकदा बसवला की हलायचा नाही.

"एक खोटं बापू ओळखेल," काका म्हणाले. "मी तीन एकदम सोडतो. तू मागल्या दारानं सूट."

आमच्याकडे रेडाच नव्हता, हे काका विसरले. बाबाही विसरले असावेत, कारण दोर घेऊन विहिरीकडे धावले, तिथून काजूकडे, तिथून काठी परजत कलमांकडे. मी बॅग ओढत आवाराच्या दगडी गडग्यापलीकडे गेले, तर रिक्षा तयार. थेट खेड. जागा मिळाली.

गणपतीला घरी आले तेव्हा काकांनी पानावरच गुन्हा कबूल केला. कबूल कसला, भाषणच ठोकलं. "बापू, तुझं रडार आंधळं केलं मी! पण रिक्षा मात्र पोरीनं झकास लपवलीन हो."

"मी? मला वाटलं, तुम्हीच सांगितली होती."

काकांचं तोंड उघडं राहिलं. त्यातून आवाज न येण्याची ती पहिलीच वेळ.

बाबांनी मोदकावर तूप ओतलं. "बॅग जड होती. मीच सांगितलेली."