खापराचा चटका

चोपड्याच्या स्टँडवर जळगावची गाडी लागली, तेव्हा माय खिडकीखाली उभी होती. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाची पिशवी वर देत म्हणाली, "आखाजीले येजो व पोरी. मांडा तुनाच हातना." अक्षय्य तृतीयेला येईन म्हणून मी नुसती मान हलवली. चार लोकांत मला बोलता येत नाही. आमचे हे आधीच जळगावला डाळमिलमध्ये लागले होते.

मला पिशव्या छापणाऱ्या कंपनीत काम मिळालं. छपाईचे रूळ थिनरच्या फडक्याने पुसायचे. सुरुवातीला डोकं ठणकायचं, गरगरायचं. शेजारची मंदाताई म्हणायची, "गूळ खा, वास उतरतो. माझा नातू तर विचारतो, आजी, रोज कोणतं सेंट लावते?" पुढे वास येईनासा झाला. मला वाटलं, सवय झाली. सुटी व्हायच्या आधी आम्ही सगळ्या जणी थिनरनेच हात धुवायचो. शाई लगेच निघायची, हात लख्ख दिसायचे.

मग बोटांना मुंग्या यायला लागल्या. ब्लाउजचे हुक लागेनात. डॉक्टरांनी विचारलं, "काय काम करता?" मी म्हणाले, "कंपनीत." त्यांनी पुढे विचारलं नाही. अशक्तपणा आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. मला कधी वाटायचं इथल्या पाण्यामुळे होतं, कधी वाटायचं झोप कमी पडते. मंदाताईला तसं काही होत नव्हतं. मग मलाच का?

आखाजीला माहेरी गेले. चुलीवर पालथं खापर तापलं होतं. पुरण भरलेला मांडा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत वाढवायचा. किती पातळ झाला ते डोळ्यांनी बघायचं नसतं, हाताला कळतं. माझ्या हाताला कळलंच नाही. तो मधोमध फाटला आणि पुरण जमिनीवर पडलं. वहिनी हसली, "शहरमा जाईसन मांडा इसरनी का व?" मीही हसले. दुसरा टाकताना माय ओरडली, "हात काढ! तुले चटका नही लागना का?" माझी बोटं खापराला टेकली होती.

फोड आले, तेही मी बघितले म्हणून कळलं. माय हात पाण्यात धरून बसली. तिथे काय काम करते, कशाने पुसते, सगळं विचारत राहिली. थिनरचं नाव मी पहिल्यांदाच घरात काढलं. ती म्हणाली, "डाक्टरले हाई सांगं का तू?"

नव्हतं सांगितलं. थिनरनेच झालं का, मला अजून माहीत नाही. हातांची जाणीव परत येईल का, तेही माहीत नाही. जळगावला परत आले आहे, उद्या कामावर न जाता दवाखान्यात जाणार आहे. तोंडातून शब्द निघाला नाही तर आज कंपनीतून आणलेलं थिनरचं फडकं पिशवीत बांधून ठेवलं आहे, तेच पुढे करीन.

जळगावची खोली आता माझीच आहे, भांडी माझी, शेजार माझा. पण घर म्हटलं की चुलीवरचं ते खापर आठवतं. पुढच्या आखाजीला मांडा फाटला तरी चालेल. चटका तेवढा लागला पाहिजे.