केबिनचा तपकिरी रंग

बाबांच्या शिडाच्या होडीत केबिनच्या भिंतीची एक फळी पाणी मुरून कुजली होती. दत्ताराम सुतारांनी तिथं नवी सागवानी फळी बसवली, पण शेजारच्या गडद तपकिरी फळ्यांपुढे ती फारच फिकी दिसायला लागली. रंग जुळवायचा म्हणून त्यांनी टर्पेंटाइनचा बोळा जुन्या फळीवर फिरवून पाहिला. बोळा काळा झाला आणि खालून तसाच फिका साग वर आला.

"हा लाकडाचा रंग नाही, ताई," ते म्हणाले. "धूर बसलाय."

मी बोळा हातात घेतला. बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्याला त्यांच्या सिगारेटचा वास होता. या रंगाला आम्ही जुन्या लाकडाचं तेज म्हणायचो, पाहुण्यांना कौतुकानं दाखवायचो. बाबांच्या छातीत धूर साचलाय असं डॉक्टर म्हणाले होते, तेव्हा ते मला नुसते शब्द वाटले होते. आता ते बोटांना चिकटले. किती सावकाश साचलं असेल हे, आम्ही सगळे तिथंच गप्पा मारत बसलेलो असताना.

माझ्यासोबत होडीवर आलेल्या आईनं तो बोळा माझ्या हातून घेतला.

"तू तान्ही होतीस," ती हळूच म्हणाली, "तेव्हा तुला इथंच निजवायचो गं."