गटार मालकाचं, चूल आमची

भूमच्या आमच्या पेठेत नवा रस्ता आणि गटार झालं, ते घरमालकाच्या फाटकापर्यंत. तिथं गटार संपलं आणि तिथूनच त्याच्या भाड्याच्या कोठड्यांची ओळ सुरू झाली. सांडपाणी आमच्या दारात, आणि गटाराची पट्टीही आमच्याच माथी! पट्टी बसवली होती दर चुलीमागं. ठरवणाऱ्यांत मालक स्वतः. त्याच्या एवढ्या मोठ्या घराला एक चूल, आमच्या कोंदट कोठडीलाही एक. निजामाच्या राज्यात लूटसुद्धा शिक्का मारून यायची.

शेजारच्या कोठडीत कापूस पिंजणारी विधवा चाची राहायची. पट्टी भर न्हाईतर कोठडी खाली कर, असं मालकानं तिला बजावलेलं. मी पट्टीविरुद्ध चोरून छापलेली पत्रकं वाटत, ओट्यावर उभा राहून तावातावानं बोलत होतो. चाची म्हणाली, "बेटा, तेरे कागज से चूल्हा अच्छा सुलगता. पट्टी कम हुई क्या?"

लोक हसले. मला राग आला.

दुसऱ्या दिवशी तिनं खुरपं घेऊन आपली चूलच उकरली. समोरची मावशी ओरडली, "अगं चाचे, जित्या माणसाच्या घरातली चूल मोडत न्हाईत! अभद्र!"

"चूल्हा रखी तो घर जाता, मौसी. क्या रखूँ, तू बोल."

मावशीनं खुरपं मागितलं. संध्याकाळपर्यंत ओळीतल्या साऱ्या चुली मोडल्या. लग्नाच्या सैपाकाला खणतात तसा एक लांब चर अंगणात खणला. तवे ज्याचे त्याचे, विटाळही ज्याचा त्याचा. जाळ तेवढा एक.

चुली मोजायला कारकून आला, मागं मालक.

"लबाडी हाय ही! कोठडीमागं एक धरा!"

"हुकूम चुलींचा आहे, मालक. इथं एकच दिसते."

चाची पुढं झाली. "साब, इनके घर के भी गिनो. गाद्या भरने जाती मैं. सोवळे का अलग, न्हाणी का अलग, नौकरां का अलग."

"आत बायामाणसं हायेत," म्हणत मालक फाटकात आडवा झाला. भेकड कारकुनानं त्याची एक, आमची एक लिहिली. एका चुलीची पट्टी साऱ्या ओळीत वाटली गेली. चाचीची कोठडी वाचली.

मालक दात खात म्हणाला, "पावसाळ्यात बघतो, कुठं रांधता ते."

चाचीनं भाकरी उलटली. "गटार आगे तक खोदो, मालक. चूल्हा सूखा रहेगा."