ते वाक्य घरात म्हणायचं नव्हतं

अमेरिकेतल्या सिनेमांत आणि मालिकांत मी वीस वर्षं कामं करते आहे असं सांगितलं, की लोक मला नीट निरखून बघतात आणि मग ओशाळतात. मी त्यांना कुठेच आठवत नाही. त्यात त्यांची काही चूक नाही. मी दाराआडून बोलणारी शेजारीण झाले आहे, मोटेलची मालकीण झाले आहे, विमानात उलटी होणारी बाई झाले आहे आणि नऊ वेळा डॉक्टर. डॉक्टर म्हणून मी बहुतेकदा "रिपोर्ट उद्या येतील" एवढंच सांगते.

आम्ही राहतो त्या एडिसनमध्ये मराठी मंडळाच्या नाटकात कुणीतरी मला पाहिलं, एका जाहिरातीसाठी बोलावलं, आणि लॅबमधली नोकरी सांभाळून मी हे सुरू केलं. या कामात वाट बघणंच फार. ऑडिशनचा व्हिडिओ घरीच करून पाठवायचा आणि फोनकडे बघत बसायचं. समोरच्या पात्राची वाक्यं माझा नवरा वाचतो. निवृत्त इंजिनिअर आहे. खुनी असो नाहीतर प्रियकर, तो सगळं विजेचं बिल वाचल्यासारखं वाचतो.

गेल्या हिवाळ्यात मला पहिल्यांदाच मोठी म्हणावी अशी भूमिका मिळाली. एका गुन्हेमालिकेत, खून झालेल्या विद्यार्थ्याची आई. दोन प्रसंग होते. ऑडिशन कोर्टातल्या प्रसंगाची झाली होती, त्यामुळे दुसरा प्रसंग मी स्क्रिप्ट हातात आल्यावरच वाचला. दारात पोलीस येतो, आडवळणाने बोलत राहतो, आणि आई त्याला तोडून म्हणते, "माझा मुलगा मेलाय. बोला ना तसं. माझा मुलगा मेलाय."

वाक्य इंग्रजीत होतं, पण मला ते मराठीतच ऐकू आलं. आमचा एकुलता एक मुलगा ओहायोत, डब्लिनला असतो. ऑफिस कोलंबसच्या पलीकडे, रोजचा पाऊण तास ड्राइव्ह, आणि तिकडे बर्फ पडत होता. घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते, हे मी बोलायला लागले तेव्हापासून ऐकत आले आहे. विज्ञान शिकले, आयुष्यभर लॅबमध्ये काम केलं, तरी ते गेलं नाही.

"अगं, मंडळाच्या नाटकात तू दोनदा विधवा झालीस," नवरा म्हणाला. "मला काही झालं का?"

"तुमची गोष्ट वेगळी," मी म्हटलं. तो चहाचा कप घेऊन आतल्या खोलीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

शेवटी मी त्या वाक्याची तालीम गाडीत करायला लागले. जवळच्या आयसेलिनला किराणा दुकानाच्या मागे गाडी लावायची, काचा बंद करायच्या आणि म्हणायचं. गाडीला वास्तू म्हणत नाहीत, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. एकदा एका मुलीने काचेवर टकटक केलं. हातात भाजीच्या पिशव्या होत्या. "काकू, आर यू ओके? कुणाला फोन करू का?" मी डोळे पुसून म्हटलं, "नाही गं, काम करतेय." ती मागे वळून वळून बघत गेली.

शूटिंगच्या दिवशी सकाळी मी मुलाला नेहमीसारखा मेसेज टाकला. नेहमी तो अंगठा तरी पाठवतो. त्या दिवशी काहीच आलं नाही. मेकअप होईपर्यंत मी चारदा फोन लावला. सरळ व्हॉइसमेल.

पहिल्या टेकला मी "डेड" ऐवजी "गॉन" म्हटलं, मेला ऐवजी गेला. दुसऱ्यालाही तेच. दिग्दर्शिका माझ्या मुलाच्या वयाची होती. ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "तो शब्द लागेल मला. पोलिसाचं पुढचं बोलणं त्यावर आहे."

मी तिला खरं ते सांगून टाकलं. मुलगा फोन उचलत नाही, आणि हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही. ती हसली नाही. म्हणाली, "दहा मिनिटं घ्या. फोन करा."

मी नवऱ्याला फोन केला. "त्याच्याशी बोलणं झालं का तुमचं?"

"झालं की," तो म्हणाला. "फोन पडला त्याचा, फुटलाय. ऑफिसमधून बोलला. मीटिंगमध्ये आहे आता. तू तुझं काम कर."

मी जाऊन उभी राहिले आणि ते वाक्य म्हटलं. पाच टेक झाले, कॅमेरा वेगवेगळ्या बाजूंनी लावून. शेवटच्या टेकला दाराची चौकट धरूनसुद्धा मी खाली बसले, आणि तसं स्क्रिप्टमध्ये नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वीस वर्षांत माझ्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती.

बाहेर आले तर नवरा गाडीपाशी उभा होता. मागच्या सीटवर माझी बॅग भरलेली.

"जिवंत आहे," तो आधी तेच म्हणाला. "गाडी घसरली बर्फावरून. कॉलरबोन आणि मनगट मोडलंय. हॉस्पिटलमध्ये आहे, माझ्याशी बोललाय. चारची फ्लाइट आहे."

"तुम्हाला कधी कळलं?"

"तुझा फोन यायच्या आधी अर्धा तास."

मी त्याच्यावर ओरडले. भर रस्त्यात, मेकअपसकट. "तुम्हाला ठाऊक होतं, आणि मी ते पाच वेळा म्हटलं!"

"अपघात सकाळी आठला झाला," तो शांतपणे म्हणाला. "तू म्हणालीस अकरानंतर. आधी काय, नंतर काय, तूच बघ."

मी विमानतळापर्यंत मेकअप पुसत बसले. गाडीतल्या तालमी मी त्याला सांगितल्या नव्हत्या. त्या आठच्या आधीच्या होत्या. आणि रागाच्या तळाशी वेगळंच काहीतरी होतं. ज्या माणसाला एक ओळ धड म्हणता येत नाही, त्याने फोनवर इतकं बेमालूम खोटं बोलावं, आणि मला, आयुष्यभर हेच करणाऱ्या बाईला, शंकाही येऊ नये.

कोर्टाचा प्रसंग तीन दिवसांनी होता. मला कामं मिळवून देणाऱ्या एजंटला मी डब्लिनहून कळवलं की येऊ शकत नाही. तारीख हलली नाही. तिथे मालिकेतल्या त्या विद्यार्थ्याच्या बापाला उभं केलं आणि माझी वाक्यं त्याला दिली. त्यांचा इलाज नव्हता, माझाही नव्हता. मी मुलाच्या शर्टाची बटणं लावत, त्याला वरण-भात भरवत तीन आठवडे राहिले. तो "मॉम, आय कॅन ईट" म्हणायचा आणि तोंड उघडायचा. सकाळी गाड्यांचे आवाज सुरू झाले की मी खिडकीशी जायचे.

प्रसंग दाखवला गेला तेव्हा मी घरी होते. नवऱ्याने तो उभ्याने पाहिला. त्या वाक्याशी आवाज बंद करायला त्याने रिमोट उचलला, मग तसाच धरून ठेवला.

पुढच्याच आठवड्यात एजंटचा फोन आला. खूप खूश होती. दोन भूमिका होत्या माझ्यासाठी, दोन्ही आयांच्या. मी विचारलं, "मुलं जिवंत आहेत का?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला. "एकीचा आहे," ती म्हणाली. "पण तुरुंगात."

मी म्हटलं, त्याची स्क्रिप्ट पाठव.