मागाचं शेपूट

सैल मास्तर हे नाव विणकरांच्या गल्लीनं त्याला चिडवायला ठेवलं आणि तेच चिकटलं. मागावरचा ताणा फार आवळू नका, रेशमाला जरा श्वास घेऊ द्या, हे पालुपद त्यानं जन्मभर लावलं होतं. त्याच्या हातच्या साड्या पाण्यासारख्या अंगावरून उतरत, म्हणून चिडवणारेही गुपचूप त्याचं ऐकत.

त्याच्या बायकोला सगळे सांधणकाकू म्हणत. साडी विणून झाली की विणकर ती कापतो, पण ताण्याचं टोक, म्हणजे उभ्या धाग्यांचा शेवटचा तुकडा, मागातच ठेवतो. फणीतून आणि दोऱ्यांच्या फाशांतून ओवलेलं ते टोक म्हणजे मागाचं शेपूट. नव्या ताण्याचा एकेक धागा राख लावून शेपटाच्या एकेका धाग्याला पिळायचा. मग सगळा ताणा त्या वाटेनं आपसूक ओढला जातो. काकूचं काम तेच. सासूनं पिळलेल्या धाग्यांना तिनं आपले धागे पिळले आणि पुढं पिळतच राहिली. माग कधी रिकामा झाला नाही. अलीकडे तिच्या डोळ्यांवर पडदा आला होता, पण ती कुणाला बोलली नव्हती. सांधायला बोटं पुरतात.

गल्लीतले बाकीचे माग एव्हाना मोडीत निघाले होते. यंत्रावरची साडी तशीच दिसते म्हणे! ज्यांना कापड हातात धरताच येत नाही, त्यांनी असं म्हणावं आणि विणकरानं ऐकून घ्यावं, असे दिवस आलेले. ताणा देऊन साड्या विणून घेणाऱ्या दुकानदारानं तर स्पष्टच सांगितलं, "मास्तर, एवढी साडी नीट द्या, पुढचा ताणा तुमचा. नाहीतर आता आराम करा."

आराम म्हणजे काय, हे दोघांनाही चांगलं कळलं.

मास्तर विणायला बसला आणि काकूच्या कानाला काहीतरी खटकलं. फणीचा आवाज नेहमीसारखा बसका नव्हता, टणटणत होता.

"अहो, ताणा आवळलाय का?"

"तुझे कान फिरलेत."

कान नव्हते फिरले. त्याचा हात थरथरायला लागला होता. सैल ताण्यावर प्रत्येक थरथर उमटली असती, घट्ट ताण्यावर ती लपत होती. जन्मभर दुसऱ्यांना ज्यावरून रागावला, तेच आता तो स्वतः करत होता. बायकोपासूनही लपवून.

ताणलेलं रेशीम लांबी खोटी सांगतं. विणणं शेपटापर्यंत आलं, त्यानं ताण सोडला, कापड मोजलं, आणि पुन्हा मोजलं. साडी वीतभर आखूड भरली होती. नवशिक्याची चूक, आणि ती त्याच्या हातून!

"आखूड साडी दुकानदार दारातूनच परत करील," तो म्हणाला.

काकू बराच वेळ शेपटावरून बोटं फिरवत राहिली. पदर आधीच विणून झाला होता, उरलं होतं ते कमरेत खोचायचं टोक. तिथलं सुईचं काम कुणाला दिसत नाही.

"शेपूट ओढून काढा. त्याच धाग्यांत वीतभर आडवा धागा सुईनं भरू."

"वेड लागलंय का तुला? मग पुढचा ताणा कशाला जोडणार? गल्लीतले माग ओवून देणारा म्हातारा गेला. फाशांतून, फणीतून एकेक धागा नव्यानं कोण घालणार?"

"मी घालीन. तो ओवायचा तेव्हा बघत नव्हते का मी?"

ती खोटं बोलत होती. तिला समोरच्या फणीचे दात दिसत नव्हते.

त्यानं शेपूट ओढलं. धागे सळसळत बाहेर आले आणि माग पहिल्यांदाच रिकामा झाला. दोघांनी मिळून वीत भरली. ती बोटांनी धागे उचलायची, तो मनगट गुडघ्यावर दाबून सुई घालायचा.

साडी पसंत पडली. दुकानदारानं शब्द पाळला, नवा ताणा दिला. मास्तरनं तो लहान पोरासारखा छातीशी धरून घरी आणला.

काकू सवयीनं मागामागे बसली, बोटांना राख लावली, हात पुढं केला. हाताला काहीच लागलं नाही. मग तिनं ओवायचा आकडा घेतला. पलीकडून मास्तर पहिला धागा देऊ लागला. त्याचा हात थरथरत होता, तिचा आकडा फाशाच्या बाजूनं जात होता. पुन्हा. पुन्हा. दारातलं ऊन भिंतीवर चढलं तरी पहिला धागा ओवला गेला नव्हता.

"तुला दिसत नाही," शेवटी तो म्हणाला. "मला ठाऊक होतं."

"आणि तुमचा हात हलतो, ते मला."

"मग शेपूट काढा का म्हणालीस?"

"ती साडी तरी पुरी होऊ दे म्हटलं."

त्यानं धागा सोडून दिला. तिला रडू फुटलं आणि तिनं ते आवरलं नाही. थोड्या वेळानं तो उठला, ताणा उचलून पलंगावर ठेवला आणि धूळ बसू नये म्हणून त्यावर स्वतःची चादर घातली.