ओळ नसलेला अलार्म

बायको गेली, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या वाटेने गेले आणि मी कामावर हजर झालो. काही जणांना ते आवडलं नाही. म्हणाले, थोडे दिवस थांबायचं होतं. थांबून काय करणार? कुरुळीतल्या आमच्या दोन खोल्या मला खायला उठत होत्या.

चाकणच्या एका कंपनीत मी ईटीपीवर आहे. ईटीपी म्हणजे कंपनीचं घाण पाणी साफ करून सोडतात तो प्लांट. टाक्या, पंप, पाण्यात हवा मारणारे ब्लोअर आणि कोपऱ्यात एक काचेची खोली. आधी मी भोसरीला फोर्जिंगमध्ये होतो. तिथून रिटायर झाल्यावर ठेकेदारामार्फत इथे लागलो. म्हाताऱ्याला झेपेल असं काम आहे. खुर्चीत बसायचं, स्क्रीनवर नजर ठेवायची, काही वाजलं की उठून बघायचं.

मी सुट्टीवर होतो तेवढ्यात तिथलं जुनं पॅनेल काढून नवीन बसवलं होतं. जुन्याला भोंगा होता, म्हैस हंबरल्यासारखा. नव्याचा आवाज बारीक. टीं टीं, मग थांबणार. परत टीं टीं. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी खुर्चीतून अर्धा उठलो. तो आमच्या घरातल्या मशीनचा आवाज होता.

बायकोची फुफ्फुसं गेली होती. तरुणपणी तिने बफिंगच्या, म्हणजे धातू घासून चकचकीत करायच्या शेडमध्ये काम केलं, तोंडाला पदर बांधून. शेवटची वर्षं खाटेशेजारी भाड्याचं ऑक्सिजनचं मशीन होतं. कुरुळीत लाइट कधीही जाते. लाइट गेली की मशीन ओरडायचं, टीं टीं, आणि मी असेन तिथून "आलो गं" करत पळायचो. नळी सिलिंडरला लावायची, लाइट आली की परत मशीनला. मोरीत असो नाहीतर खाली दूध घेत असो, कान त्या खाटेपाशी. ती हसायची. नाकात नळी असताना जेवढं हसता येतं तेवढं. म्हणायची, "मशीनने हाक मारली की धावता. मी मारायची तेव्हा पेपर खाली ठेवत नव्हता."

ती गेली त्या दिवशी लाइट होती. दुपारचं जेवण झालं होतं, थोडा वरणभात खाल्ला तिने. मी ताटं घासत होतो. मशीन नीट चालू होतं, हिरवा दिवा लागलेला. हात पुसत आलो तर ती नव्हती, आणि मशीन हवा देतच होतं. त्या मशीनला लाइट गेलेली कळायची, नळी दुमडलेली कळायची. माणूस गेलेला कळेल अशी सोय त्यात नव्हती. डॉक्टर म्हणाला, झोपेत गेल्या, तुम्ही काही करू शकला नसता. ते मलाही माहीत आहे. मी स्वतःला बोल लावत नाही. वाजलं नाही, एवढाच माझा राग आहे.

तर तो आवाज कंपनीत येऊन बसला. बाकीचा दिवस मी सहन केला असता. अलार्म आला की स्क्रीनवर लाल ओळ येते, कुठल्या टाकीत काय झालं ते त्यात लिहिलेलं असतं. आवाज आणि ओळ दोन्ही बरोबर. बघितलं, उठलो, काम केलं, संपलं. पण दुपारी जेवणानंतर थोड्या वेळाने एक आवाज यायचा त्याला ओळच नसायची. टीं टीं चालू आणि स्क्रीनवर सगळं हिरवं. मी बाहेर जाऊन टाक्यांभोवती फेरी मारायचो. सगळं जागच्या जागी. परत येईपर्यंत आवाज थांबलेला.

पहिल्यांदा झालं तेव्हा तोंडातून "आलो गं" निघून गेलं. काचेत माझंच थोबाड दिसलं, उघडं राहिलेलं.

पॅनेलला आवाज बंद करायचं बटण आहे. मी ते दाबलं नाही. दाबलं आणि थांबलं नाही तर?

साफ सांगतो, भीती भुताची नव्हती. आम्ही बौद्ध. आमच्यात आत्मा मानत नाहीत, मीही मानत नाही. भीती कानाची होती. नाही ते ज्याला ऐकू येतं त्याचा भरवसा कुणी का धरावा? एखाद्या दिवशी खरंच टाकी भरून वाहायला लागेल आणि मी म्हणेन, ती आहे, आपली दुपारची. सुपरवायझरला कळलं असतं तर त्याने मला घरी बसवलं असतं, आणि ते बरोबरच झालं असतं. घरी म्हणजे त्या खाटेसमोर. म्हणून मला एकच गोष्ट कळायला हवी होती. ते पॅनेलमध्ये वाजतंय की माझ्यात?

कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. त्याने एका बंद डब्यासारख्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाला. आत टीं वाजली की मी दाबत गेलो. बाहेर आल्यावर म्हणाला, कान वयाच्या मानाने चांगले आहेत. मी विचारलं, नसलेलं ऐकू येतं का ते कशात बघतात? म्हणाला, त्याला दुसरे डॉक्टर असतात. मी उठून आलो.

माझ्यानंतर दुसऱ्या पाळीला बीडकडचा एक जण येतो. चाळिशीचा, तोंडाने बडबड्या, मनाने बरा. त्याला आडून विचारून बघितलं, तुझ्या पाळीत उगाच काही वाजतं का? म्हणाला, मला बघितलं की पॅनेललाच झोप लागते. आता आमच्यात एक रीत आहे. पाळी देताना आणि घेताना पॅनेल शांत करायचं, म्हणजे पुढच्याच्या डोक्याला ताप नको. हा गडी दारातून आला की आधी ते बटण दाबणार, मग डबा ठेवणार. वाजत असो नसो. चप्पल काढावी तसं. त्यामुळे त्याच्या सांगण्यावरून माझा काही निकाल लागेना.

एकदा तो लवकर आला. माझा तो दुपारचा अलार्म चालू होता आणि मी पाठमोरा "आलो, आलो" म्हणत उभा होतो. मागून हात आला, बटण दाबलं गेलं, आवाज थांबला. आपोआप थांबला की त्याने थांबवला, कोण सांगणार?

"कुणाला आलो म्हणायलाव, मामा?" तो म्हणाला. "दुसरी बघून ठेवली का काय?"

मी विचारलं, आत्ता वाजत होतं का? तो म्हणाला, काय? मग त्याने माझं तोंड बघितलं आणि त्याची थट्टा बंद झाली. डबा हातातच धरून उभा राहिला. हळूच म्हणाला की त्यांच्याकडे असं झालं की गेलेल्या माणसाच्या आवडीचं करून पान ठेवतात. नाहीतर आळंदीला जाऊन इंद्रायणीत अंघोळ करून या, रिक्षाने जाऊन लगेच येता येईल. मी म्हटलं, आमच्यात हे चालत नाही. तो म्हणाला, मानू नका की, पान ठेवायला काय जातंय?

मी पान ठेवलं नाही. पण खरं ते लिहितो. पुढे पुढे मी त्या आवाजाची वाट बघायला लागलो. जेवण उरकायचं, डबा धुवायचा, खुर्ची सरळ करून बसायचं. उशीर झाला तर चैन पडायची नाही. आला की मी बाहेर फेरी मारायचं सोडून दिलं होतं. तसाच बसायचो आणि मनात म्हणायचो, आलो. थांबेपर्यंत बसायचो. आत्मा न मानणारा माणूस. मग थांबला की भीती परत यायची, की गेलं आपलं डोकं कामातून, आणि या कामावरचे आपले दिवस भरत आले.

त्यातच एक इंजिनीअर पोरगी आली. मारुंजीला भाड्याने राहणारी, बाहेरच्या एजन्सीची. कंपनीने तिला अलार्म कमी करायला बोलावलं होतं. स्क्रीनवर इतक्या लाल ओळी साचायच्या की कामाची कुठली ते कळायचं नाही. लॅपटॉप जोडून ती माझ्याशेजारी बसली. तिची रीत सरळ होती. एक एक अलार्म काढायचा आणि विचारायचं, "काका, हा आला की तुम्ही काय करता?" मी सांगायचो, व्हॉल्व्ह फिरवतो, फिटरला फोन करतो. मग तो वाजणार. मी म्हटलं, काही नाही करत, तर त्याचा आवाज काढून टाकायची. ओळ तेवढी दिसेल. मी म्हटलं, बाई, हे बरं आहे. ती म्हणाली, ज्याच्यासाठी माणसाने उठायचं नाही त्याने ओरडायचं कशाला?

दुपारी तिथेच जेवलो. तिने माझ्या भाकरीचा तुकडा घेतला. मी डबा धुऊन आलो, खुर्चीत बसलो. ती खाली मान घालून टाइप करत होती.

वाजलं.

स्क्रीनवर सगळं हिरवं. मी पॅनेलकडे बघितलंच नाही, तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिची बोटं चालूच होती. आणखी एकदा वाजलं. मला वाटलं, संपलं, आता सुपरवायझरला आपणच सांगू.

तिने मान वर केली. "काका, हा कशाचा वाजतोय?"

"तुला ऐकू येतंय?"

"म्हणजे? एवढा वाजतोय."

ती स्क्रीनवर वर-खाली करत होती, ओळ शोधत. सापडेना. सवयीने तिने तेच विचारलं, "हा आला की तुम्ही काय करता?"

"आलो म्हणतो," मी म्हटलं.

ती हसली नाही. लॅपटॉपवर सगळ्या अलार्मची यादी बघितली आणि म्हणाली, चला, जरा कँटीनकडे जाऊन येऊ. वाटेत मी तिला मशीनचं सांगितलं. बायकोचंही सांगितलं, थोडक्यात. ती ऐकत चालत होती.

कँटीनच्या मागे बायका जेवणाची ताटं धूत होत्या. ते सगळं पाणी तिथल्या एका खड्ड्यात पडतं. खड्डा नंतर बांधलेला, पाणी तिथून आमच्याकडे येतं. पाणी चढलं होतं, त्यातला तरंगता गोळा वर आला होता, तो वर आला की अलार्म वाजतो. आम्ही बघत असताना दुसरा पंप आपोआप लागला, पाणी उतरलं, गोळा खाली गेला. परत खोलीत आलो तर आवाज थांबलेला. तिने मला समजेल असं सांगितलं. अलार्मचे गट असतात. स्क्रीन बसवणाऱ्याने फक्त ईटीपीच्या गटाच्या ओळी दाखवायला सांगितल्या होत्या, आणि या खड्ड्याचा अलार्म चुकून कँटीनच्या गटात गेला होता. आवाजाला मात्र कुणी गट नेमून दिला नव्हता. तो सगळ्यांसाठी वाजत होता.

तिने लॅपटॉपवर त्या अलार्मपुढे एक खूण केली. मग खड्ड्यातला गोळा काठीने वर धरायला माणूस पाठवला. टीं टीं झालं आणि बरोबर लाल ओळ आली. काय लिहू, असं तिने विचारलं. मी म्हटलं, मराठीत येत असेल तर लिही, कँटीनचा खड्डा भरला. तिने तसं लिहिलं.

म्हणजे माझे कान ठीक होते. मला उड्या माराव्याशा वाटायला हव्या होत्या.

तिने त्या अलार्मच्या आवाजाच्या खुणेवर माऊस नेला. मग म्हणाली, "काका, दुसरा पंप आपोआप लागतो. तुम्हाला काही करायचं नसतं. माझ्या हिशोबाने याचा आवाज जायला पाहिजे." माझ्याकडे वळली. "पण राहू दे म्हणत असाल तर राहू देते. एका आवाजाने कुणाचं काही बिघडत नाही."

मी स्क्रीनकडे बघत होतो. बाहेर गोळा धरलेला माणूस ओरडला, सोडू का म्हणून. ओळ तशीच लाल उभी होती. कँटीनचा खड्डा भरला. एवढे महिने मी ज्याला मनातल्या मनात उत्तर देत होतो ते ताटं धुतलेलं पाणी होतं. हे कळल्यावर परत उत्तर देता आलं नसतं. खोटं खोटं आलो म्हणणं मला जमणारं नव्हतं.

"काढ," मी म्हटलं. "खड्डा आहे तो."

तिने काढला.

बीडवाल्याला मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. माझ्या पाळीत कधी वाजलंच नाही, शपथ, म्हणत राहिला. मी म्हटलं, वाजत होतं, तू दाबत होतास. तो आपल्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, वाजलं की हात जातोय मामा, कान कुठं लावत बसायचं? मग आपणच हसला, आणि मला हसू आलेलं नाही हे बघून डबा ठेवायला गेला.

सुपरवायझरला काही कळलं नाही. काम टिकलं. दुपारी जेवणं झाली की ती ओळ येते, लाल, आवाज न करता. थोडा वेळ थांबते. पंप लागतो, ओळ जाते. मला उठावं लागत नाही, मी बसून बघतो. काही दिवस तर खाली मान घालून डबा पुसत असताना ती येऊन गेलेली असते, मला कळतही नाही. बायको गेली त्या दुपारी आमच्या घरात हेच झालं असणार.